शेवटच्या गल्लीचं पाणी

भटू नानांना आमच्या गावात 'कसे आहात' असं कोणी कधी विचारलं नाही. समोरून नाना दिसले की लोक थेट मुद्द्यावर येत. "नाना, पाणी कधी?"

लग्नात विचारत, बाजारात विचारत, देवळात घंटेला हात लावता लावता विचारत. नानांचे वडील वारले तेव्हा दहाव्याला मी स्वतः हजर होतो. नाना डोकं भादरून, पांढऱ्या पंच्यात बसलेले. लोक येत, गुडघे मोडून बसत, "वाईट झालं" म्हणत आणि रीतीप्रमाणे गप्प होत. एका गृहस्थाला ती शांतता झेपेना. तो घसा खाकरत म्हणाला, "म्हातारा समाधानानं गेला, नाना. बरं, मग आमच्या गल्लीला उद्या की परवा?"

बाकीच्यांनी त्याच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, पण उठलं कोणी नाही. उत्तर सगळ्यांनाच हवं होतं. नानांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "परवा. सकाळी नऊ. पाऊण तास."

नाना आमच्या गावाचे पाणी सोडणारे. शिंदखेड्याकडून तापीच्या अंगाला निघालात की आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण विषय पाण्याचा आहे आणि मला अजून तिथेच राहायचं आहे. गावाला पाणी आठ-दहा दिवसांआड. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी, किती वेळ, हे कागदावर कुठेतरी असेल, पण गावाच्या लेखी ते नानांच्या डोक्यात होतं. सायकलच्या दांडीला बांधलेली खांद्याइतकी उंच लोखंडी किल्ली घेऊन ते निघत. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, किल्ली आत सोडायची, व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. वरच्या आळीला अठरा आटे, बाजारपेठेला बावीस, खालच्या वस्तीला नऊ, कारण तिथे उतार. मग सायकलवर टांग टाकून गल्लीगल्लीतून हाळी देत जायचं, "पानी उनं व्होऽऽ."

'पाणी आलं हो' ही हाळी ऐकून मी अर्धी दाढी सोडून पळालेले लोक पाहिले आहेत. माझा धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा, तरी खुशाल सांगतो, नानांच्या त्या हाळीपुढे माझे चारही भोंगे फिके.

नानांच्या दोन सवयी सांगतो, म्हणजे माणूस डोळ्यांपुढे उभा राहील. पहिली, ते जगातली प्रत्येक गोष्ट आट्यांत मोजत. एखादा फार बडबड करायला लागला की म्हणत, "याला दोन आटे बंद करा." माझ्या मोठ्या मुलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो तीन महिन्यांचा होता आणि केव्हाचा भोकाड पसरून होता. नाना म्हणाले, "मंडप, प्रेशर चांगलं आहे." मला ते नावानं हाक मारत नसत. मंडपच म्हणत.

दुसरी सवय म्हणजे किल्लीला कान लावणं. व्हॉल्व्ह उघडला की पाणी लगेच येत नाही, पाइपातून हवा येते, गाळ येतो, मग पाणी. नाना किल्लीच्या मुठीला कान टेकवून, डोळे मिटून उभे राहत. लोखंडातून त्यांना पाणी ऐकू येई. "टाकीपासून सुटलं... शाळेपाशी आलं... आता मारवाड्याच्या दुकानाखाली." आम्ही मुद्दाम पळत जाऊन दुकानाजवळचा नळ पाहायचो. तो तेव्हाच फुसफुसायला लागलेला असे.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. नानांनी पाण्याबाबत कधी खोटी आशा दाखवली नाही. गावात बाकी सगळे 'येईल, येईल' म्हणणारे. साहेब म्हणे येईल, पुढारी म्हणे येईल. नानांना विचारलं आणि पाणी येणार नसलं, तर ते सायकलवरून उतरून, समोरच्याच्या तोंडाकडे बघून सांगत, "आज येवाव नही. भरेल शे तेच पुरव." येणार नाही, भरलेलं आहे तेच पुरव. एका कोरड्या उन्हाळ्यात साहेबांनी त्यांना बोलावून समज दिली, "अहो, येईल म्हणा की. लोकांना जरा बरं वाटतं." नाना म्हणाले, "साहेब, येईल म्हटलं की बाई हंडा मोकळा करून ठेवते."

एका नगरसेवकाच्या घरी लग्न होतं. मंडप माझाच. हे गृहस्थ नानांना चौकात अडवून म्हणाले, "आमच्या लाइनीला आज पाच आटे जास्त सोड." नाना म्हणाले, "भाऊ, माझा हात तसा फिरत नाही. ही किल्ली घ्या, तुम्हीच फिरवा." बघायला शंभर माणसं जमलेली. नगरसेवकांनी बाह्या सरसावल्या आणि मोजून पाच आटे फिरवले. उजवीकडे. व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतो, हे भल्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि नानांना कोणी विचारलं नव्हतं. वऱ्हाडाला टँकर आला. मी त्या दिवशी मंडपाच्या खांबाआड तोंड लपवून हसलो, कारण बिल अजून यायचं होतं.

आता अक्का. नानांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. उंच, हाडापेराने मजबूत, जिभेने त्याहून मजबूत. नानांचं घर आणि माझं घर एका भिंतीचे शेजारी, आणि आमची गल्ली म्हणजे पाइपलाइनचं शेवटचं टोक, त्यात चढावर. सगळं गाव भरून झालं की उरलेलं आमच्याकडे. पाणी सोडणाऱ्याची गल्ली म्हणून लोकांना वाटे, यांची मजा असेल. मजा अशी की नानांची हाळी आमच्याकडे यायची तेव्हा पाणी जायला निघालेलं असे.

अक्का दारात रिकामा हंडा घेऊन उभी राहायची आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगायची, "गावभर नवरा शे, घरमा नही." नाना चपला काढता काढता म्हणायचे, "आपली गल्ली पहिली केली तर उद्या बाकीचे मला काय विचारतील?"

"काही विचारणार नाहीत. पाणी भरत असतील."

एकदा अक्काने संप केला. नानांची किल्ली गव्हाच्या कोठीत पुरली आणि वर बसली. नऊ वाजले, दहा वाजले. गावातल्या बाया रिकामी भांडी घेऊन आमच्या गल्लीत जमल्या. नाना ओट्यावर आले. दुसरा कोणी असता तर व्हॉल्व्ह बिघडला म्हणाला असता. नाना म्हणाले, "बायकोने किल्ली लपवली आहे. ती देईल तेव्हा पाणी." पुढे काय होतं ते बघायला मी खुर्चीच काढून बसलो.

अक्का बाहेर आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज माझी गल्ली आधी." एक बाई कडेवरचं पोर खाली ठेवून तिथेच बसली. पोर तापाने फणफणलेलं होतं. अक्काने त्याच्याकडे पाहिलं, आत गेली, गव्हासकट किल्ली आणून नानांच्या हातात दिली. "जा. फिरव." संप तासभर चालला. आमची गल्ली शेवटचीच राहिली. पुढे कित्येक दिवस नाना चेंबरमध्ये किल्ली सोडायचे तेव्हा एखादा गव्हाचा दाणा आत पडायचा.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत नानांनी गाव सोडलं ते मुलीला वरणगावला पोचवण्यापुरतं. मीना त्यांची एकुलती एक. अक्का दर उन्हाळ्यात कुठेतरी जाण्याचं काढायची आणि नाना म्हणायचे, "रिटायर होऊ दे. मग तू म्हणशील तिथे." रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी अक्काच्या पोटात दुखायला लागलं.

धुळ्याला दाखवलं. मग कोणी तरी सुरतेचे एक मोठे डॉक्टर सुचवले. तपासण्या सगळ्या आधीच्या खेपेला झाल्या होत्या, या खेपेला फक्त डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं होतं. माझ्या व्हॅनमधून मंडपाच्या कनाती काढल्या, मागच्या सीटवर गादी घातली आणि आम्ही सकाळी सहाला निघालो. पुढे मी आणि नाना, मागे अक्का आणि मीना. सोबत घरून भरलेला पाच लिटरचा कॅन, कारण बाहेरच्या पाण्यावर नानांचा विश्वास नव्हता. कोंडाईबारीचा घाट उतरेपर्यंत अक्काने माझ्या गाडी चालवण्याची, माझ्या बायकोच्या स्वयंपाकाची आणि नानांच्या घोरण्याची यथेच्छ निंदा केली. मला वाटलं, बाई बरी होणार.

दवाखान्यात नाना आणि मीना आत गेले. मी आणि अक्का बाकावर. दहा मिनिटांत ते बाहेर आले. मीना तोंड धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. नानांनी फाइल काखेत मारली आणि म्हणाले, "चला."

डॉक्टर काय म्हणाले ते नानांनी मला पार्किंगमध्ये तीन शब्दांत सांगितलं. "लाइन संपली, मंडप." घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. निघताना अक्काला एक इंजेक्शन दिलं होतं, संध्याकाळपर्यंत दुखणार नाही. त्याच्या आत घर गाठायचं होतं.

गाडी चालू झाली. मागून अक्काने विचारलं, "डॉक्टर काय म्हणे?"

नाना समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "व्हई जाई बठ्ठं बरं."

होईल सगळं बरं. मी आरशात पाहिलं. अक्का नानांच्या मानेकडे बघत होती, इतका वेळ की मीच नजर काढली. मग ती खिडकीकडे वळली आणि गप्प झाली. माझ्या आयुष्यात ती बाई इतकी गप्प मी पाहिली नव्हती.

त्या गप्पपणात माझं लक्ष उडालं आणि मी भलत्याच पुलावर चढलो. सुरतेत एकदा चुकीच्या पुलावर चढलात की तो तुम्हाला खाली सोडतो तो दुसऱ्याच जिल्ह्यात सोडल्यासारखा. बारडोली यायच्या ऐवजी रस्ता अरुंद झाला, झाडं वाकडी दिसायला लागली, वारा चिकट झाला. मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "आगे तो दरिया है."

मी गाडी वळवायला लागलो. मागून अक्काचा आवाज आला. "आलोच शे तं देखी लेऊ."

मीना म्हणाली, "आई, उशीर होईल. इंजेक्शनचा असर—"

"मी काय रोज येणार आहे इथे?"

मी गाडी सरळ नेली.

तर समुद्र. आम्ही चौघं खान्देशी माणसं, चौघांनी मिळून समुद्र पाहिला तो टीव्हीवर. दीड वाजलेला, ऊन रणरणतं. अक्काला दोघांनी धरून एका दगडावर बसवलं, डोक्यावर छत्री धरली, समोर पाहिलं, आणि समोर समुद्र नव्हता.

चिखल होता. काळपट, ओला, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. दोन-तीन होड्या आडव्या पडलेल्या. एक कुत्रं मधोमध चालत निघालेलं. अगदी टोकाला, आकाशाच्या कडेला, एक पांढरी रेघ चमकत होती. तेवढंच.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नाना मात्र गोंधळले नाहीत. पाणी नसणं त्यांना नवीन नव्हतं. ते सरळ कणीस भाजणाऱ्याकडे गेले आणि आपल्या ठेवणीतल्या हिंदीत म्हणाले, "भाऊ, इधर पानी कितने बजे छोडते?"

कणीसवाला पंखा हलवायचा थांबला. "कौन छोडेगा, चाचा? अपने आप आता है."

"अपने आप? कोई आदमी नहीं?"

"ऊपरवाला है."

"उसका टाइम पक्का है?"

"रोज पौना घंटा लेट."

नानांचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, "मंडप, हे सरकारीच आहे." आणि पुन्हा त्याला, "आज कब?"

"पाँच तक यहाँ पत्थर तक आ जाएगा."

पाच. घर पाच तासांवर. अक्काचं इंजेक्शन संध्याकाळपर्यंतचं. हा हिशेब मी, मीना आणि नाना, तिघांनीही मनात केला आणि तिघांनीही तोंडावर दिसू दिला नाही.

नाना अक्काजवळ आले. तिच्या हातातली टेकायची काठी घेतली, दहा पावलं पुढे गेले, काठी ओल्या वाळूत रोवली आणि मुठीला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. कणीसवाल्याने माझ्याकडे बघून कपाळाजवळ बोट फिरवलं. मी त्याला हाताने गप्प बस म्हणून खुणावलं.

बऱ्याच वेळाने नाना परत आले. "दूर शे."

अक्काने मान वर करून विचारलं, "आपन जावाना आगोदर ई का पानी?" आपण जायच्या आधी येईल का?

नाना तिच्यासमोर उकिडवे बसले. सायकलवरून उतरून लोकांच्या तोंडाकडे बघायचे, तसं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"येवाव नही," ते म्हणाले.

अक्का हसली. सकाळपासून पहिल्यांदा. "आते खरं बोलनात," ती म्हणाली. आता खरं बोललात. "गाडीमा बी आसंच सांगानं व्हतं. तुमच्या तोंडून 'बरं होईल' ऐकलं आणि तेव्हाच मला कळलं."

मीनाने तोंडाला पदर लावला. मी छत्री या हातातून त्या हातात घेतली, कारण करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

"किती दिवस म्हणाले?" अक्काने विचारलं.

"दिवाळी नाही."

"बरं." तिने पायातली चप्पल काढली आणि पाय ओल्या वाळूवर ठेवले. "म्हणजे इथे पण आपली गल्ली शेवटलीच शे."

हे ऐकलं आणि नाना उठले. गाडीतून कॅन आणला. त्यात अजून तीन-एक लिटर घरचं पाणी होतं. आम्हा सगळ्यांना त्यांनी पोटभर पाजलं, कणीसवाल्यालाही पाजलं, उरलेलं एका खुरट्या सुरूच्या झाडाच्या बुडाशी हळूहळू ओतलं. थेंबही वाया गेला नाही. मग धोतर गुडघ्यावर खोचलं आणि चिखलात उतरून त्या पांढऱ्या रेघेच्या दिशेने चालू लागले.

"चाचा, दूर है," कणीसवाला ओरडला. "फँस जाओगे."

नानांनी मागे वळून पाहिलं नाही. आम्ही बघत राहिलो. आधी नाना, मग नानांची पाठ, मग कुत्र्याएवढा ठिपका, मग कुत्रं कोणतं आणि नाना कोणते ते कळेना. अक्का म्हणाली, "सगळ्या गावाला पाणी दिलं. माझ्यासाठी एवढं चालताना पहिल्यांदाच बघते." थोडं थांबून म्हणाली, "आणि बघा, चाल पण कशी शे. बदकासारखी."

तासाभराने ते परत आले. मांड्यांपर्यंत चिखल, एक चप्पल गायब, आणि कॅनमध्ये तळाशी चार बोटं गढूळ पाणी. अक्कासमोर बसून त्यांनी कॅनचं झाकण फिरवायला घेतलं. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. आटे मोजत होते. मग ते पाणी तिच्या पावलांवर सोडलं, बारीक धारेनं, पुरवून पुरवून.

अक्काने ओली बोटं डोळ्यांना लावली, मग जिभेला. तोंड वाकडं केलं.

"खारं शे."

"हो."

"बठ्ठंच?"

"बठ्ठंच."

"मग एवढं चालत कशाला गेलात?" ती म्हणाली, आणि पाय त्या ओल्यातून काढले नाहीत.

तीन वाजता मीनाने घाई केली आणि आम्ही निघालो. या वेळी नाना मागे बसले आणि मीना पुढे. अक्काचं डोकं नानांच्या मांडीवर. रस्ता पहिल्या वळणाआधी जरा चढतो, आणि त्या चढावर मी सवयीने आरशात पाहिलं. मागच्या काचेतून सगळा किनारा दिसत होता. चिखल चकाकायला लागला होता. त्या आडव्या होड्यांपैकी टोकाची होडी हलली, मग सरळ झाली.

नानाही मागे वळून तेच बघत होते. त्यांनी छाती भरून घेतली, मान वर केली, तोंड उघडलं. तेहतीस वर्षं मी हाळीआधीचा तो पवित्रा पाहिला होता, पुढे काय येणार ते मला पाठ होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला.

अक्काचा डोळा लागला होता. नानांनी तोंड मिटलं. तिच्या पायांवरचा साडीचा काठ ओला होता, तो सारखा केला आणि मला म्हणाले, "चाल भो. गाडी थांबवू नको."